यादीबाहेर

तिनं टेबलावरचा पालथा फोन उलटून पाहिला. काही आलेलं नव्हतं. तिनं तो पुन्हा पालथा घातला आणि समोरचे कागद उगाचच सरळ केले.

"ताई, सारखं झाकण काढून बघितलं की शिजायला जास्त वेळ लागतो," समोरच्या टेबलावरून धाकटा म्हणाला.

"मी वेळ बघत होते."

"भिंतीवर घड्याळ आहे."

घड्याळ होतं, आणि ते बरोबरही चालत होतं. तिनं घड्याळाकडे बघायचं टाळलं आणि ती पाणी प्यायला उठली. तहान नव्हती.

धाकटा म्हणजे तिचा भागीदार. जुन्या कंपनीत तो सगळ्यांत लहान म्हणून त्याला हे नाव पडलं, आणि आता कानशिलांवरचे केस पिकायला लागले तरी ते काही सुटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दोघांनी भरल्या पगारावर पाणी सोडलं, ही चौथ्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेतली आणि आपला स्वतःचा फंड उभा करायला निघाले. दोन टेबलं, एक कपाट आणि गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी एक खिडकी, एवढा सगळा संसार.

धंदा समजावून सांगायला सोपा, जमवायला महाकठीण. जे लहान कारखाने शेअरबाजारात नाहीत त्यांच्यात लोकांचे पैसे घालायचे, चार-सहा वर्षं त्यांच्याबरोबर राबायचं, आणि कारखाना वाढला की आपला हिस्सा विकून ज्याचे त्याला वाढवून परत द्यायचे. पण त्यासाठी आधी कुणीतरी दहा वर्षांसाठी आपला पैसा तुमच्या हाती सोपवायला तयार व्हावं लागतं. ती मोठ्या कंपनीत होती तेव्हा नवा फंड जाहीर झाला की वर्षाच्या आत भरायचा. आता वारं फिरलं होतं. जुने पैसेच परत आले नव्हते, त्यामुळे नवे सोडायला कुणी राजी नव्हतं, आणि जे राजी होते ते चार-पाच बड्यांच्याच दारात जाऊन ओतत होते. त्या बड्यांनी तर आता साध्या पगारदारांसाठीही फंड काढायचा सपाटा लावला होता. नव्या, लहान माणसांकडे बघून मात्र सगळे गोड हसायचे आणि म्हणायचे, "तुमच्या दुसऱ्या फंडात नक्की." पहिल्या मुलाचा पत्ता नाही आणि जो तो दुसऱ्याला खेळवायला तयार. त्यांच्याबरोबर उडी मारलेल्यांपैकी बहुतेकांनी एव्हाना गाशा गुंडाळला होता.

उरला होता एक शिक्षकांचा निवृत्तिनिधी. त्यांनी हो म्हटलं की काठावर बसून पाणी किती खोल ते बघणारे आणखी तिघेचौघे आत उतरणार होते. त्यांनी नाही म्हटलं की खोलीची किल्ली मालकाला परत. शिवाय फंड काढणाऱ्यानं आपलाही पैसा त्यात घालायचा असतो. तुमचाच जीव त्यात नसेल तर आम्ही आमचा का टांगायचा, असा तो हिशेब. तिनं राहतं घर गहाण ठेवलं होतं. नवऱ्यानं एक शब्द न बोलता सही केली होती, आणि तो बोलला नाही हेच तिला जास्त टोचत होतं.

निवृत्तिनिधीवाल्यांनी कागद तपासले, आकडे तपासले, आणि आता माणूस तपासायला घेतला होता. या धंद्यात ही एक रीत आहे. तुम्ही ओळखीच्यांची यादी देता, पण त्या यादीला कुणी फारसं विचारत नाही. आपल्याबद्दल वाईट बोलणाऱ्याचं नाव कोण देईल? म्हणून ते यादीबाहेरची माणसं शोधून काढतात आणि त्यांना फोन करतात. ती माणसं कोण, हे तुम्हाला सांगत नाहीत. उलट तुमच्याकडून लिहून घेतात की तपासणी संपेपर्यंत तुम्ही जुन्या संबंधातल्या कुणालाही गाठणार नाही. तिनं तसं लिहून दिलं होतं.

तिनं विचारायचं नव्हतं, पण लोक आपणहून सांगत होते. जुन्या बँकेतल्या बाईंचा फोन आला, "आज तुझी चौकशी झाली बरं का, मी छानच सांगितलं." जुन्या साहेबांनी तर उपकार केल्यासारखं कळवलं की त्यांनी तिची जरा जास्तच तारीफ केली आहे. प्रत्येक फोननंतर ती दोन क्षण हलकी व्हायची आणि मग ज्यांचा फोन आला नाही त्यांची आठवण काढत बसायची.

"चाकवाल्यांना विचारतील का गं, ताई?" धाकट्यानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

पाण्याचा पेला तिच्या हातातच राहिला.

"त्यांचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? बंद पडलेला कारखाना एकच तर आहे तुझ्या नावावर. मी त्यांच्या जागी असतो तर पहिला फोन तिथंच लावला असता."

"विचारू देत," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच खरा वाटला नाही.

चाकवाले काका दवाखान्यातल्या खाटांची चाकं बनवायचे. तिच्याच सांगण्यावरून मोठ्या कंपनीनं त्यांच्या कारखान्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला होता, आणि पुढं काही वर्षांनी, बाहेरून स्वस्त चाकं यायला लागल्यावर, त्याच कंपनीनं कारखाना बंद करायचं ठरवलं. वरचे म्हणाले, पत्र पाठवून द्या. ती पत्राच्या आधी स्वतः गेली. त्यांच्या घरी संध्याकाळपर्यंत बसली. काकूंनी तिला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. त्यानंतर एकदा जाऊन यावं असं तिला पुष्कळदा वाटलं. जाणं काही झालं नाही. पहिलं वर्ष लाजेनं गेलं, आणि मग इतका उशीर झाल्यावर काय तोंडानं जायचं या विचारात बाकीची गेली.

त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता नवरा म्हणाला, "नाही जमलं तर धरशील कुठंतरी नोकरी. त्यात काय एवढं?"

"हो," ती म्हणाली. या वयाच्या बाईला, तेही स्वतःचा फंड उभा करताना हात पोळलेल्या, कोण नोकरी देतं हे तिला पुरतं माहीत होतं. त्यालाही माहीत असणार. तो एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धाकट्याला दात दाखवायला जातेय असं कळवलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाची बस धरली. आपण काही विचारायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. नुसतं भेटायचं. माणूस रागावलेला आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळतंच. आणि समजा त्यांना अजून फोन गेला नसेल, तर इतक्या वर्षांनी कुणीतरी आठवणीनं येऊन गेलं, एवढं तरी त्यांच्या मनात राहील. यात गैर काय, असं तिनं बसमध्ये स्वतःला निदान चारदा विचारलं. जिथं खरंच गैर नसतं तिथं माणूस एकदाही विचारत नाही.

काका आता गोदामांच्या गल्लीत एक पत्र्याची शेड घेऊन ऑफिसच्या फिरत्या खुर्च्या दुरुस्त करायचे. दार सताड उघडं होतं. आत खुर्च्याच खुर्च्या, काही उलट्या टांगलेल्या, काही एकमेकींच्या मांडीवर बसवलेल्या. मधोमध काका एक खुर्ची आडवी पाडून तिच्या बुडाशी खटपट करत होते. चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली.

"अगं, तू?" ते म्हणाले. "ये, ये. तिच्यावर नको बसू, तिचा पाय लुळा आहे. ही घे, ही धडधाकट आहे."

"बऱ्याच दिवसांनी, काका."

"दिवस कसले, वर्षं म्हण." पण त्यात टोमणा नव्हता. ते खरोखर खूश झाले होते, आणि ते बघून तिला आधी बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. "काकू लेकीकडे गेलीय. तू आलेली चुकली म्हणून मलाच बोलेल आता. आज इकडे कशी वाट चुकलीस?"

"इकडे एक काम होतं. म्हटलं, डोकावून जावं."

"बरं केलंस."

त्यांनी कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा टाकला. केस पार पिकले होते, पण हात तेच होते, काळ्या ग्रीसनं माखलेले, कशालाही लावण्याआधी क्षणभर हवेत थांबणारे. चहा उकळेपर्यंत ते बोलत राहिले.

"या खुर्च्या ओळखतेस का कुणाच्या? तुमच्याच लोकांच्या. फंडवाल्यांच्या. आधी काय व्हायचं, एकजण दुकान मिटवायचा, दुसरा उघडायचा. मी या हातानं घेऊन त्या हातानं विकायचो. आता मिटवणारेच येतात. उघडणारा कुणी येईना. आणि आलाच, तर तो असा बडा असतो की त्याला शंभर लागतात, त्याही कोऱ्या." त्यांनी चहा गाळला. "कातडी बघ काय आहे एकेकीची. बसायला वेळच मिळालेला नाही बिचाऱ्यांना."

ती हसली. 

"तूही काहीतरी स्वतःचं काढतेयस असं कानावर आलं."

"हो. बघू."

"बघू?" काका थांबले. "तू कधीपासून बघू म्हणायला लागलीस?"

तिनं कप तोंडाला लावला. चहा चांगलाच गरम होता, तरी तिनं घोट घेतला.

"राहिलंच," ते खाली बसत म्हणाले, "मला आता एक फोन यायचाय. कुठल्या निवृत्तिनिधीतला मुलगा आहे. काल निरोप ठेवला होता त्यानं, सकाळी बोलू म्हणून. तुझ्याबद्दलच विचारायचंय म्हणाला. तुला ठाऊक असेल ना?"

 उठायची हीच वेळ होती. काका, मी इथं असणं बरोबर नाही, मी निघते, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते शब्द तिच्या जिभेवर आलेलेही होते.

"नाही," ती म्हणाली. "मला काही कल्पना नाही."

"असं? नवल आहे." त्यांनी पाना उचलला. "तुम्हा लोकांच्या पद्धती तुम्हालाच माहीत."

अर्धा कप संपायच्या आत फोन वाजला. काकांनी आपल्या हातांकडे बघितलं, करंगळीनं फोन जवळ ओढला, त्याच करंगळीनं दोनदा दाबून स्पीकर लावला आणि तो पालथ्या खुर्चीवर ठेवून दिला. ती अर्धवट उठली. बाहेर थांबते, असं तिनं हातानं सुचवलं.

"बस गं," ते हळूच म्हणाले. "तुझ्यापासून काय लपवायचंय?"

ती बसली. पुढं पुष्कळ दिवस ती स्वतःला सांगत राहणार होती की त्यांनीच बसवलं.

आवाज तरुण होता आणि फार अदबशीर. त्यानं वेळ दिल्याबद्दल आभार मानले, सगळं गुप्त राहील असं सांगितलं, आणि मग एकेक विचारू लागला. त्यांची ओळख कशी झाली, कामात त्या कशा होत्या, कारखाना बंद झाला त्यात त्यांचा वाटा किती.

"वाटा होताच," काका म्हणाले. "बंद करायला नको होता असं मला आजही वाटतं. आणखी दोन वर्षं कळ काढली असती तर तरलो असतो. तिला तसं वाटलं नाही. तिथं ती चुकली, असं मी तरी म्हणेन."

तिनं कपातल्या चहावर धरलेल्या सायीकडे नजर लावली.

"म्हणजे तुमची तक्रार आहे, साहेब?"

"पुरतं ऐकून घ्या. चुकणं वेगळं. तेव्हा मी सगळ्यांना विचारत होतो, कारखाना वाचेल का म्हणून. सगळे म्हणायचे, बघू. मोठमोठे लोक, बघू, बघू. हिला विचारलं तर ही म्हणाली, नाही वाचणार, काका. माझ्या घरात बसून, माझ्या तोंडावर. रागानं मी नको नको ते बोललो तिला. ती ऐकत बसली, उठून गेली नाही." त्यांनी पान्याला एक फेरा दिला. "त्या एका 'नाही'मुळे मी वेळेवर माझ्या माणसांना दुसरीकडे लावू शकलो. बघू बघू करत राहिलो असतो तर त्यांनाही घेऊन बुडालो असतो. बाकी तिचं गणित चुकेल एखादवेळी, तुमचे पैसे कमीजास्त होतील, त्याची हमी मी कशी देणार? पण बाई खोटं बोलत नाही. आणि दुसऱ्यालाही बोलायला लावत नाही."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. तिला रडू येईल असं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी तिच्याबद्दल असं बोललं नव्हतं, आणि जे बोललं जात होतं ते ऐकायचा तिला आज काडीचाही हक्क नव्हता.

"आता शेवटचा एक प्रश्न, तो आम्ही सगळ्यांनाच विचारतो," आवाज म्हणाला. "गेल्या काही दिवसांत त्या स्वतः, किंवा त्यांच्या वतीनं कुणी, तुम्हाला भेटलं? फोन वगैरे केला?"

काकांचा पाना थांबला. "का बरं?"

"नियम आहे, साहेब. तसं करणार नाही असं त्यांनी लिहून दिलंय. भेट झाली असेल तर आम्हाला पुढं जाता येत नाही. फाइल तिथंच बंद करावी लागते."

काकांनी तिच्याकडे बघितलं. आधी त्यांना नीट उमजलं नाही, आणि मग उमजलं. इकडचं काम, ती नसलेली कल्पना, सगळं एकेक करून त्यांच्या ध्यानात येत गेलं, आणि ते येताना तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते नुसते बघत राहिले, काय सांगू ते तू सांग, असं.

नवऱ्याची ती सही, धाकट्याची दोन वर्षं, आपलं सगळं कर्तृत्व, यांतलं काहीएक त्या क्षणी तिला वेगळं वेगळं आठवलं नाही. तिला फक्त भीती वाटली. तिनं मान हलवली. आडवी, अगदी थोडी.

"हॅलो? साहेब, आहात ना?"

"आहे," काका म्हणाले. त्यांची नजर अजून तिच्यावरच होती. "नाही. कारखाना बंद झाल्यापासून आमची गाठभेट नाही."

"ठीक आहे. फार आभार. खरं सांगतो, इतक्या दिवसांत तुमच्याइतकं मोकळेपणानं कुणी बोललं नव्हतं. आमचं काम सोपं झालं."

"बरं," काका म्हणाले.

फोन बंद झाला. त्यांनी चिंधीनं हात पुसायला घेतले, एकेक बोट धरून, अगदी सावकाश. बाहेर कुठंतरी ट्रक मागं घेत होते आणि कुणीतरी ओरडून वाट दाखवत होतं. तिनं कप खाली ठेवला. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि म्हणण्यासारखं जे होतं ते पाच मिनिटांपूर्वी म्हणायचं होतं.

"काका, मी..."

"तुमचं इकडे काम होतं ना काही," ते म्हणाले. त्यांनी चिंधीची घडी घालून ती बाजूला ठेवली. "निघा तुम्ही. उशीर होईल तुम्हाला."

ती उठली. पर्स खांद्याला लावली. दाराशी पोहोचल्यावर तिचा पाय जरा रेंगाळला. मागून एखादं "अगं" ऐकू येईल असं तिला वाटत होतं. काकांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली होती आणि तिची चाकं काढायला सुरुवात केली होती.